माझ्यासारखीचा डाव अभ्यास करण्याच्या लायकीचा असतो का?

पत्राचा गोषवारा: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४१, पतसंस्थेत नोकरी. तेरा वर्षांची लेक बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळते. तिला घेऊन कधी लातूर, कधी नांदेड, कधी छत्रपती संभाजीनगर. मंगल कार्यालयाच्या व्हरांड्यात दिवसभर बसून राहण्यापेक्षा आपणही खेळावं म्हणून त्यांनी स्वतःचं नाव द्यायला सुरुवात केली आणि आता त्यांचं फिडे रेटिंग (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं मानांकन) चौदाशेच्या घरात, म्हणजे सुरुवातीच्या पातळीवर आहे. गेल्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत बारा वर्षांच्या एका मुलाविरुद्ध एक प्यादं जास्त असताना डाव बरोबरीत सुटला. अर्धा गुण गेला, गटातलं बक्षीसही गेलं. तेव्हापासून रोज रात्री तो डाव डोळ्यांपुढे येतो. लेकीने मोबाइलवर चाली टाकून सांगितलं, "आई, ५१वी चाल ब्लंडर. राजा पुढे घ्यायचा होता. संपलं." लेकीचे कोच म्हणतात, स्वतःचे डाव काय बघायचे, ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करा, मोठ्या खेळाडूंचे डाव बघा. घरी यजमान म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. ताईंचा प्रश्न असा: चौदाशे रेटिंगच्या बाईचा डाव पुन्हा पुन्हा मांडून बघण्यात काही अर्थ आहे का, की हा वेळ वाया चाललाय? त्यापेक्षा एखादा ऑनलाइन कोर्स घ्यावा, की आता खेळणंच थांबवावं? त्या डावाच्या आणि त्याच स्पर्धेतल्या आणखी दोन डावांच्या स्कोअरशीटचे, म्हणजे चालींच्या नोंदीच्या कागदांचे, फोटो त्यांनी सोबत पाठवले आहेत.

ताई,

पत्र वाचल्यावर आधी लाकडी पट काढला आणि तुमचा डाव पहिल्या चालीपासून साठाव्या चालीपर्यंत मांडला. पत्रात तुम्ही या डावाला 'घालवलेला डाव' म्हणता. मला त्यात पन्नास चाली चांगल्या दिसल्या. इटालियन ओपनिंगमध्ये त्या मुलाने हल्ल्यासाठी घाई केली तेव्हा तुम्ही गडबडला नाहीत. २६व्या चालीला त्याचा उंट हत्तीच्या राखणीत अडकलाय हे तुम्ही ओळखलंत आणि प्यादं मारलंत. ५०व्या चालीला हत्ती उडवून नुसत्या राजा-प्याद्यांचा शेवट पत्करलात, तो निर्णय तर अगदी बरोबर होता, कारण तो शेवट जिंकणारा होता. यातल्या एकाही गोष्टीचा पत्रात उल्लेख नाही. सगळं पत्र ५१व्या चालीवर आहे.

म्हणून पहिला प्रश्न तुम्हालाच विचारते. रात्री अंथरुणावर पडून तुम्ही जे करता, त्याला तुम्ही डावाचा अभ्यास म्हणता का? साठ चालींपैकी एकाच चालीपाशी जाऊन रोज 'असं का केलं मी' म्हणायचं, ही हळहळ झाली. हळहळ वाटणारच, जीव लावून खेळणाऱ्या प्रत्येकाला वाटते. पण तिला अभ्यास समजून 'अभ्यासाचा काही उपयोग होत नाही' असा निष्कर्ष काढू नका. तुमचा अभ्यास अजून सुरूच झालेला नाही. यजमानांचं 'झालं गेलं' हे रात्रीच्या तळमळीपुरतं खरं आहे. त्यापुरतं त्यांचं ऐका आणि झोपा.

आता त्या जागेकडे येऊ. वाचणाऱ्या इतरांनीही घरात पट असेल तर मांडून बघा (अक्षर म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडून मोजलेली उभी ओळ, आकडा म्हणजे त्याच्या बाजूने मोजलेली आडवी ओळ). पांढरा राजा जी३ वर, पांढरं प्यादं अजून आपल्या मूळ घरी एफ२ वर. काळा राजा जी७ वर. बाकी पट रिकामा, चाल पांढऱ्याची. ताई, तुम्ही प्यादं दोन घरं पुढे, एफ४ वर नेलंत. त्या पोराने राजा एफ६ वर आणला आणि तिथून पुढे तो एकदाही चुकला नाही. तुम्ही राजा जी४ ला नेलात, तो जी६ ला आला. तुम्ही प्याद्याने शह दिलात, तो एफ६ ला. प्रत्येक वेळी तो तुमच्या राजाच्या समोर येऊन उभा राहिला आणि मागे सरायची वेळ आली तेव्हा सरळ मागे सरला. शेवटी तुमचं प्यादं एफ७ वर, राजा एफ६ वर, त्याचा राजा एफ८ वर, त्याला शह नाही आणि हलायलाही घर नाही. बरोबरी.

आता प्यादं जागेवर ठेवून राजा एफ४ वर आणा. काळा राजा एफ६ वर येऊन समोर उभा राहणार, मध्ये एक घर. चाल तुमची आहे, आणि समोरासमोर उभ्या राजांमध्ये ज्याच्यावर चाल येते त्याला बाजूला व्हावं लागतं. पण तुमच्या हाताशी एक शिल्लक चाल आहे: प्यादं एकच घर, एफ३. आता चाल काळ्यावर. तो ई६ ला गेला तर तुमचा राजा जी५ ला, तो जी६ ला गेला तर तुमचा राजा ई५ ला. राजा पुढे घुसला की प्यादं मागून सावकाश येतं आणि वजीर होतं. म्हणजे एफ२ वर निमूट बसलेल्या प्याद्याजवळ एक जादा चाल होती आणि एफ४ खेळून ती खर्च झाली. राजांच्या या समोरासमोर उभं राहण्याला कोच मंडळी अपोझिशन म्हणतात. शेवटच्या खेळाचं हे पहिलं पुस्तकी ज्ञान, आणि तुम्हाला ते येतं, असं तुम्हीच लिहिलं आहे. घरी लेकीला तुम्हीच ते शिकवलंत.

मग खरा प्रश्न हा की येत असताना का खेळला नाहीत?

याचं उत्तर लेकीच्या मोबाइलमध्ये नाही. इंजिनने, म्हणजे मोबाइलमधल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमने, दाखवलं की एफ४ च्या आधी डाव जिंकलेला होता आणि नंतर आकडा शून्यावर आला. बरोबरच आहे. पण इंजिनला तुमच्या डोक्यातलं काही माहीत नाही. आपल्याकडे लातूरला मुलं प्रश्नपत्रिकांमागून प्रश्नपत्रिका सोडवतात आणि उत्तरतालिकेशी ताडून बघतात. तालिका सांगते की बरोबर पर्याय 'ब' होता. तू 'क' का निवडलास हे तालिकेला सांगता येत नाही, आणि हुशार पोरं मार्क वाढवतात ती या दुसऱ्या प्रश्नावर बसून.

तुमच्या उत्तराचा धागा तुमच्याच पत्रात आहे, एका वाक्यात, जाता जाता लिहिलेला. "सगळे डाव संपले होते, बक्षीस समारंभाला पाहुणे येऊन बसले होते, आमच्याच पटासाठी सगळे थांबले होते." आणि त्याच्या पुढच्या ओळीत, घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक होती म्हणून.

मग मी तिन्ही स्कोअरशीट शेजारी शेजारी ठेवल्या. तुमचं अक्षर सुरेख आहे, एकेक चाल आपल्या रकान्यात. शेवटच्या डावात साधारण ४५व्या चालीपासून ते अक्षर तिरकं व्हायला लागतं. ५१वी चाल रकान्याबाहेर गेली आहे. तिसऱ्या फेरीच्या डावात तुम्ही घोडा जिंकलात, त्यानंतर चारच चालींत अक्षर तसंच झालंय, आणि तिथेच तुम्ही वजिरांची मारामारी करून टाकलीत, जिची गरज नव्हती. तो डाव तुम्ही जिंकलात म्हणून लक्षात आलं नाही. पाचव्या फेरीतही तेच. म्हणजे अडचणीत असताना तुम्ही शांत खेळता, आणि वरचढ झालात की घाई सुरू होते.

हे मी दुरून, तीन कागदांवरून म्हणतेय. खरं काय ते तुम्हालाच ठाऊक. पण मला असं वाटतं की लोकांना ताटकळत ठेवू नये ही सवय तुमच्या अंगात मुरलेली आहे. घरी पंगत वाढताना, पतसंस्थेच्या खिडकीवर रांग असताना ती चांगलीच. पटावर नाही. तुमच्या घड्याळातली अकरा मिनिटं तुमचीच होती, वर प्रत्येक चालीला ३० सेकंदं मिळत होती. पाहुणे थांबले असतील तर थांबू देत. चाळिशीतली बाई पोरांच्या गर्दीत खेळायला बसते तेव्हा आपण कुणाची तरी जागा अडवलीय असं तिला वाटत राहतं, हे मी खूप जणींकडून ऐकलंय. तुम्ही प्रवेश फी भरून बसलेल्या खेळाडू आहात. शेवटचा पट तुमचा असेल तर शेवटचा पट तुमचा.

आता बघा, चौदाशेच्या डावातून हे निघालं. एखाद्या ग्रँडमास्टरच्या डावातून हे निघालं नसतं. मोठ्यांचे डाव उत्तम असतात, पण ती चाल खेळताना त्यांच्या मनात काय चाललं होतं हे आपण अंदाजानेच बोलतो. तुमच्या डावाच्या बाबतीत, काय दिसलं, कशाची भीती वाटली, कोणती चाल मनात येऊन टाकून दिली, हे सगळं आतून माहीत असलेलं माणूस जगात एकच आहे. म्हणून तुमचा डाव अभ्यासाच्या लायकीचा आहे का, हा प्रश्नच मला मान्य नाही. तुमच्यापुरता तरी त्याच्याइतका कामाचा दुसरा डाव नाही.

आणि हे मी पदरचं सांगत नाही. मिखाइल बोट्विनिक १९४८ साली जगज्जेता झाला आणि मधली दोन वर्षं सोडली तर १९६३ पर्यंत तो किताब त्याच्याकडे राहिला. आपल्या डावांचं विश्लेषण स्वतः करावं, लिहून काढावं आणि छापून लोकांपुढे ठेवावं, म्हणजे आपल्या चुका दुसरे दाखवतील, यावर त्याचा कटाक्ष होता. कार्पोव, कास्पारोव, क्रामनिक हे पुढचे जगज्जेते त्याच्या शाळेत येऊन गेले. आपल्या शेजारच्या विदर्भातल्या, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तोही अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून, आणि त्यासोबत ग्रँडमास्टर झाली. त्या क्षणीसुद्धा ती बोलली ती आपल्याला शेवटचा खेळ अजून शिकायला हवा हेच. विश्वचषक जिंकणारीला जे लाजिरवाणं वाटत नाही, ते तुम्हाला वाटायचं कारण नाही.

कोचचं म्हणणं मात्र मी सगळं मोडीत काढणार नाही. मोठ्यांचे डाव बघाच. चांगलं खेळणं दिसतं कसं, हे डोळ्यांत बसायला ते लागतात, आठवड्याला एक, पटावर मांडून. ओपनिंग पाठ करण्याच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. तुमच्या तिन्ही डावांत दहाव्या चालीपर्यंत तुमचं काही बिघडलेलं नाही. जिथे दुखत नाही तिथे औषध कशाला? डाव बघताना इतकंच करा: कितव्या चालीला ओळखीची वाट संपली ते शोधा, त्या जागी पुढच्या वेळी काय खेळायचं ते ठरवा, आणि पुढे चला. कोर्सचे पैसे सध्या राखून ठेवा. दहा-बारा डाव नीट बघून झाले की आपल्याला नेमकं काय कमी पडतं ते तुम्हाला कळेल. तेव्हा घ्या, म्हणजे काय मागायचं ते ठाऊक असेल.

बघायचं कसं, ते सांगते.

डाव संपला की त्याच दिवशी, मोबाइल उघडायच्या आधी, एक वही घ्या. लातूरहून परतताना एसटीत बसल्या बसल्याही जमेल. सगळा डाव लिहायचा नाही. तीन-चार जागा निवडा जिथे तुम्ही अडखळलात किंवा जिथे एकदम खात्री वाटली, आणि तिथे मनात काय होतं ते जसंच्या तसं लिहा. 'प्यादं पळवलं की लवकर संपेल असं वाटलं' असं असेल तर तसंच. सजवू नका, ते वाक्य वाचायला दुसरं कुणी येणार नाही. हे दोन दिवसांनी लिहायला गेलं तर आठवण आपल्या सोयीने बदललेली असते, म्हणून त्याच दिवशी.

मग सवड मिळेल त्या संध्याकाळी खरा पट मांडा. मोबाइलवर बोट सरकवलं की साठ चाली दोन मिनिटांत संपतात आणि हाताला काही लागत नाही. हाताने सोंगटी उचलून ठेवताना मन थांबतं. प्रत्येक निवडलेल्या जागी स्वतःला दुसरी एखादी चाल शोधायला लावा आणि समोरच्याचं उत्तरही. चुकीचं शोधलंत तरी चालेल. हा अर्धा-पाऊण तास इंजिन बंद.

त्यानंतर इंजिन लावा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्टॉकफिश हे इंजिन मोफत मिळतं, ते पुरेसं आहे. आकड्यांच्या नादी लागू नका. ०.३ म्हणजे प्याद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक. आपल्या पातळीवर तेवढ्याने डाव जिंकला किंवा हरला जात नाही. जिथे त्याची चाल आणि तुमची चाल फार वेगळी निघते तिथेच थांबा, तुमची चाल खेळून बघा आणि समोरून कोणतं उत्तर येतं ते बघा. ते उत्तर आपल्याला दिसलं नव्हतं, की दिसून आपण कमी लेखलं होतं? यातलं काय, ते वहीत लिहा. या दोन चुकांवरचे उपाय वेगळे आहेत.

आणि शेवटच्या खेळाच्या जागा इंजिनविरुद्ध प्रत्यक्ष खेळा. जी३, एफ२, जी७ ही मांडणी तिथे लावता येते. पांढऱ्याकडून जिंकून दाखवा. मग प्यादं एफ४ वर ठेवून काळ्याकडून बरोबरी करून दाखवा, त्या मुलाने केली तशी. हात बसेपर्यंत करा.

एका डावाला दोन बैठकी बास. तिसऱ्यांदा तोच डाव मांडावासा वाटला तर तो मोह अभ्यासाचा नाही, तो रात्रीचाच मोह आहे. वही मिटायची.

समोरच्या खेळाडूचंही एक. तुम्ही लिहिता की डाव संपल्यावर तो मुलगा "अ‍ॅनालिसिस करायचं का?" म्हणाला आणि तुम्ही बॅग उचलून निघालात. त्या वेळी ते जमलं नसेल, मी समजू शकते. पण पुढच्या वेळी बसा, बाहेर व्हरांड्यात, दहाच मिनिटं. डावाची दुसरी अर्धी बाजू त्याच्याकडे आहे. त्याला काय भीती वाटत होती, कोणती चाल खेळली असती तर तो अडचणीत आला असता, हे फुकट मिळतं. हे लेकरू पुढच्या स्पर्धेत भेटेलच. मराठवाड्यात खेळणारी मंडळी फिरून फिरून तीच असतात.

लेकीबद्दल तुम्ही फार जपून लिहिलंय, पण "संपलं" हा शब्द लागलाय हे कळतं. तिला दोष देऊ नका. तिला तिच्या कोचने असंच शिकवलंय: चाली टाका, लाल खूण शोधा, पुढचा डाव. तिला सांगा, रविवारी माझ्यासोबत बस, अर्धा तास मोबाइल बाजूला, तू काळ्याकडून खेळ आणि मला विचार की ही चाल का. पुढच्या रविवारी तिचा डाव, विचारणाऱ्या तुम्ही. तिची ती सवयही मोडेल. मुलांना स्पर्धांना नेणाऱ्या इतर पालकांनाही हेच सांगेन. पोर हरून हॉलबाहेर आलं की व्हरांड्यातच इंजिन उघडून त्याची चूक त्याच्या नाकासमोर धरू नका. आधी काहीतरी खाऊ घाला. संध्याकाळी, त्याला बोलावंसं वाटलं की विचारा, तिथे तुला काय वाटलं होतं?

खेळणं थांबवण्याचा मुद्दा तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत टाकलाय, त्यामुळे तो मीही एवढ्यावरच ठेवते: थांबवू नका. रेटिंगचा आकडा सध्या वर-खाली होईल. नव्या खेळाडूच्या पहिल्या ३० डावांत गुणांची वजाबाकी-बेरीज दुप्पट हिशोबाने होते, त्यावरून आपल्या वकुबाचा अंदाज बांधायचा नसतो.

अजून एक. स्कोअरशीटवर चालीशेजारी घड्याळातली वेळ लिहायला नियमाची परवानगी आहे, फार कमी जण ती वापरतात. पुढच्या स्पर्धेत दर पाच चालींनी आपली शिल्लक वेळ लिहा, आणि प्याद्याने किंवा सोंगटीने वरचढ झाल्यापासून प्रत्येक चालीला लिहा. आधी चाल खेळायची, मग नोंदवायची, हा क्रम सोडू नका, तो नियमच आहे. रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची स्पर्धा असेल तर चाली लिहिण्याची सक्ती नसते. तेव्हा डाव संपताच बाहेर येऊन आठवेल तेवढा उतरवून काढा. मग त्यातले दोन डाव, वहीतल्या नोंदींसकट आणि वेळेच्या आकड्यांसकट, मला पाठवा. जिंकलेला एक नक्की पाठवा.